शेततळं करू की विहीर भरू?

प्रश्न: नमस्कार साहेब, आमची बदनापूर तालुक्यात 5 एकर जमीन आहे, त्यात 2 एकर मोसंबी. विहीर फेब्रुवारीतच तळाला जाते. शेजारच्यांनी प्लास्टिकचा कागद टाकून 30 बाय 30 मीटरचं शेततळं केलंय नि बोअरच्या पाण्याने भरून ठेवतात, भाऊ म्हणतो आपणही तसंच करू. करावं का?

उत्तर: दादा, तळं करा, पण बोअरच्या जिवावर नको. खडकातलं पाणी वर ओढून उन्हात ठेवायचं, याला साठवण कसली म्हणायची? 3 मीटर खोल तळ्यात बाजूचा उतार धरून साधारण 22 लाख लिटर मावतं, आणि उन्हाळ्यात दिवसाला 8 मिमी जरी उडालं तरी रोज 7 हजार लिटर हवेत जाणार. शिवाय तुमचा नि शेजाऱ्याचा खडक एकच, तो उपसतो म्हणून तुम्हीही उपसलं तर दोघांचंही बोअर लवकरच बसेल.

आता पावसाचं बघा. एकरावर 1 मिमी पाऊस म्हणजे 4 हजार लिटर, म्हणजे 50 मिमीच्या एका पावसात तुमच्या 5 एकरावर 10 लाख लिटर पडतं. त्यातलं पाव जरी वाहून ओघळीला लागलं तरी अडीच लाख झालं ना! ते आधी विहिरीत घाला, यालाच विहीर पुनर्भरण म्हणतात. ओघळीचं पाणी एका छोट्या खड्ड्यात घ्यायचं, तिथे गाळ बसला की दुसऱ्या मोठ्या खड्ड्यात. त्यात खाली मोठे दगड, वर खडी, मग वाळू, आणि तळातून पाइप विहिरीत. पाइप आत फूटभर पुढे काढा, नाहीतर पाणी कडेने ओघळून विहिरीची भिंत ढासळते. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी बाहेरच सोडा, गोठ्याकडचं तर कधीच घेऊ नका, आणि वाळू दरवर्षी धुवा (हे कुणी करत नाही आणि मग म्हणतात पुनर्भरण फेल गेलं).

तुमच्याच जालना जिल्ह्यातलं कडवंची गाव बघून या, तिथे आधी बांधबंदिस्ती, पाणलोटाचं काम झालं, शेततळी नि द्राक्षं नंतर.

एवढं करून तळं घ्यायचंच असेल तर ओघळीच्या वाटेवर, सखल जागी घ्या, सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) नीट काढा. मुरूम लागला तर कागद नकोच, पाणी मुरून विहिरीला येईल. कागद टाकलात तर तारेचं कुंपण आणि आत गाठी मारलेला दोर पाहिजेच, ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पोहणारा माणूससुद्धा वर येत नाही.