श्रीनगरला नोकरीला आहे, गावाकडचे चार मित्र येताहेत. त्यांना हाऊसबोटीवर ठेवावं का?

तुम्ही लिहिलंय की खोली एकच, येणारे चौघं, सगळे यवतमाळकडचे शेतकरी, आणि बोटीवर पाहुणचार जमेल की नाही याची धास्ती. जमतो. मी तिकडं नोकरीला असताना गावच्या मंडळींना असंच ठेवलं होतं. आता मी गावी परतलोय, पण पारावर अजून त्या बोटीचा विषय निघतो. फक्त सगळा मुक्काम तिथं नको, दोन रात्री बस्स झाल्या.

मित्रांना आधीच सांगून ठेवा की हाऊसबोट चालत नाही. देवदाराचं कोरीव घर आहे ते, एका जागी बांधलेलं. आमचा एक गडी पहिल्या संध्याकाळी पुढच्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिला आणि शेवटी म्हणाला, "काहून बे, हे निंगते कधी?" फिरायचा शिकारा, म्हणजे छपराची लहान नाव, वेगळा.

दल लेकवर बुलेव्हार्ड रोडसमोरच्या रांगेत गजबज फार. शाल-केशरवाले शिकारे थेट तुमच्या बोटीला येऊन भिडतात. निगीन लेक शांत, पण शहरापासून जरा लांब. कोणाचे गुडघे दुखत असतील तर झेलमवरची बोट पाहा, तिथं काठावरून सरळ चढता येतं. दलवर दर खेपेला शिकाऱ्यातून उतर-चढ करावी लागते, म्हणून घाटापर्यंतची ने-आण भाड्यात धरली आहे का ते आधीच विचारा. निशात बाग (1633 ची, नूरजहाँच्या भावानं बांधलेली) शिकाऱ्यानं होते. जामा मशिदीला मात्र ऑटोनं जा. तिचे 378 देवदारी खांब पाहून आमचे लोक लाकडाचा हिशेबच करत बसले होते.

पण शेतकरी माणसाला खरी गंमत पहाटेच्या भाजीबाजारात. उजाडायच्या आत शिकारा सांगून ठेवा, दिवस वर आला की बाजार उठतो. नावांवरच पालक, मुळे, नोलकोल, नावेतूनच भाव आणि नावेतूनच माप. येताना तरंगती शेतं दाखवायला सांगा. गवत-वेलींचा जाड थर, त्यावर माती, त्यावर काकडी-टमाटे. जुन्या काळी अशी शेतं रात्री ओढून चोरीलाही जात, हे नावाड्यानं सांगितलं तेव्हा आमच्यातला एक, ज्याची धुऱ्याची, म्हणजे बांधाची, केस तहसीलात पडून होती, एकदम सावरून बसला: "आपल्याकडं धुरा कोरते, इथं त अख्खं वावर घेऊन पयते. मोजणी कोन करन?" निशात-शालिमारपेक्षा याचीच चर्चा परतीच्या गाडीत नागपूरपर्यंत.

जेवणाचं सांगतो. स्वयंपाक मागच्या लहान बोटीत होतो, तिथं मालकाचं बिऱ्हाड असतं. आपण यजमान म्हणून त्यात शिरायचं नाही. माळकरी कोणी असेल तर आदल्या दिवशीच सांगा. राजमा, हाक म्हणजे तिकडची पालेभाजी, आणि नदरू, म्हणजे कमळकाकडी, छान मिळतं, पण आपल्या जिभेला फिकं लागेल. ठेचा आणि जवसाची चटणी घरूनच मागवा. सकाळचा खारा गुलाबी चहा एकेक घोट पाजाच, चेहरे पाहण्यासारखे होतात.

बोलवायचं तर हरभरा-गहू निघाल्यावर, मृगाच्या आधी. एप्रिलात ट्यूलिपही सापडतात. इकडं ऊन तापलेलं असतं म्हणून ते पातळ शर्ट घेऊन येतील, आणि तिकडं पाण्यावर रात्री चांगलीच थंडी. स्वेटर आणायला बजावा, आणि खोलीत बुखारी (तिकडची शेगडी) नाहीतर विजेचं अंथरूण आहे का ते मालकाला विचारून घ्या.

मित्रांचे प्रीपेड सिम तिथं चालत नाहीत, पोस्टपेडच लागतं. ते एकटे बाजारात गेले आणि परत येताना घाटावर अडकले, तर बोटीवर फोन कसा करणार? बोटीचं नाव, घाटाचा नंबर आणि मालकाचा मोबाईल कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्या.