तुमचे प्रश्न : म्हातारे राजे आणि घरातलं लग्न

मागच्या अंकात ब्रिटनच्या राजघराण्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा पाऊसच पडला. सगळ्यांना जागा देणं शक्य नाही, म्हणून ज्या प्रश्नांवर बोलण्यासारखं काही आहे तेच घेतलेत.

प्रश्न : तिथे लग्न असलं की नवरी राहते बाजूला आणि सगळ्यांचं लक्ष आजी-आजोबांकडे. नीट चालतायत का, काठी आहे का, थकलेत का. लोकांना एवढी कसली हौस?

हौस आहे हे मान्य, मलाही आहे. पण तो नुसता भोचकपणा नाही हो. राजवाड्यातून तब्येतीबद्दल जी पत्रकं निघतात त्यातून काही म्हणजे काही कळत नाही, मग लग्न हीच एक जागा उरते जिथे नव्वदी पार केलेला माणूस सगळ्या जगासमोर गाडीतून उतरतो, पायऱ्या चढतो, तासभर बसतो आणि परत उठतो. 19 मे 2018 ला विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये हॅरी आणि मेगनचं लग्न झालं तेव्हा एलिझाबेथ राणीचे नवरे प्रिन्स फिलिप 96 वर्षांचे होते, एप्रिलमध्ये खुब्याचं ऑपरेशन झालेलं, येतात की नाही याचीच चर्चा जास्त. आणि हे गृहस्थ काठीबिठी न घेता राणीच्या बरोबरीने चालत आले! ते चालणं बघून जे कळलं ते दहा पत्रकांतून कळलं नसतं. ऑक्टोबरमध्ये नात युजिनीच्या लग्नालाही हजर. पुढच्या जानेवारीत सँडरिंगहॅमजवळ स्वतः गाडी चालवताना अपघात झाला आणि मग कुठे लायसन परत केलं, वय 97.

पत्रकांवर लोकांचा विश्वास का नाही याला इतिहासही आहे. 1936 च्या जानेवारीत पाचवे जॉर्ज शेवटच्या घटका मोजत होते, बाहेर पत्रक गेलं की राजांचं आयुष्य शांतपणे मावळतंय. आत काय चाललेलं? त्यांचे डॉक्टर लॉर्ड डॉसन यांनी मॉर्फिन आणि कोकेनची इंजेक्शनं देऊन तो शेवट लवकर आणला, आणि त्यामागचं एक कारण असं की बातमी संध्याकाळच्या किरकोळ पेपरांत न येता सकाळच्या टाइम्समध्ये यावी. डॉक्टरांनी स्वतःच्या टिपणांत हे लिहून ठेवलं होतं, लोकांना कळलं थेट 1986 मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. आता बोला.

एलिझाबेथ राणीच्या बाबतीत एवढं भयंकर काही नव्हतं, पण ठरीव भाषा तीच. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये त्या वेस्टमिन्स्टर ॲबीत काठी घेऊन आल्या आणि त्याचीच बातमी झाली, कारण गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे जुने दिवस सोडले तर जाहीर कार्यक्रमात हातात काठी कोणी पाहिलीच नव्हती. पुढे चालण्याफिरण्यात अधूनमधून अडचण येते एवढंच सांगितलं गेलं. 6 सप्टेंबर 2022 ला स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल वाड्यात नव्या पंतप्रधान लिझ ट्रस भेटायला गेल्या, फोटोत राणीचा हात काळानिळा दिसला, आणि दोन दिवसांनी त्या गेल्या. मृत्यूच्या दाखल्यावर कारण एवढंच, वार्धक्य.

प्रश्न : इतकं वय झाल्यावर हे लोक रिटायर का होत नाहीत?

होतात की, पण ब्रिटनमध्ये होत नाहीत. नेदरलँड्समध्ये तर रीतच पडलीय, विल्हेल्मिना 1948, ज्युलियाना 1980, बेयाट्रिक्स 2013, आई पायउतार होते आणि पुढची पिढी कामाला लागते. स्पेनचे हुआन कार्लोस 2014 मध्ये पायउतार झाले, पण तिथे वयापेक्षा भानगडींचा वाटा मोठा. जपानच्या अकिहितोंना 2019 मध्ये पद सोडायचं होतं तर त्यांच्या एकट्यासाठी खास कायदा करावा लागला, कारण नियमात सोयच नव्हती. डेन्मार्कच्या मार्गारेट राणीने 2023 च्या शेवटच्या दिवशी टीव्हीवरच्या भाषणात सहज बोलता बोलता सांगून टाकलं, त्याच वर्षी पाठीचं ऑपरेशन झालं होतं, आणि 14 जानेवारी 2024 ला 52 वर्षांची कारकीर्द संपवून मुलाला खुर्ची दिली. मला विचाराल तर सगळ्यात झकास निवृत्ती हीच.

ब्रिटनमध्ये मात्र हा विषय काढला की 1936 आठवतं. त्या डिसेंबरमध्ये आठव्या एडवर्डने लग्नापायी गादी सोडली आणि ती धाकट्या भावाच्या गळ्यात पडली, म्हणजे एलिझाबेथच्या वडिलांच्या. घरातल्या एका लग्नाने सगळ्यांचं आयुष्य उलटंपालटं झालेलं तिने दहाव्या वर्षी पाहिलं. त्यात 21 व्या वाढदिवसाला केपटाऊनहून रेडिओवर शब्द देऊन बसली की आयुष्य मोठं असो की छोटं, ते सेवेतच जाईल. ते निघालं 96 वर्षांचं. कामं मात्र हळूहळू मुला-नातवाकडे गेली, 2022 मध्ये पार्लमेंटचं अधिवेशन सुरू करायला चार्ल्स आणि विल्यम गेले.

प्रश्न : आजही लग्नाला राजाची परवानगी लागते म्हणे?

फक्त वारसांच्या रांगेतल्या पहिल्या सहा जणांना. आधी 1772 चा कायदा होता, त्यात दुसऱ्या जॉर्जचे जवळपास सगळे वंशज यायचे, म्हणजे कुठल्या कोपऱ्यातल्या चुलतभावालाही विचारायला लागायचं. 2015 पासून सहावर आलं. एलिझाबेथ राणीची नात बेयाट्रिसचं 2020 मध्ये लग्न झालं तेव्हा ती नवव्या नंबरवर होती, आजीला विचारलं असेलच पण कायद्याने बंधन नव्हतं. आणि परवानगी न घेता केलं तर? लग्न मोडत नाही, रांगेतलं नाव जातं.

प्रश्न : बेयाट्रिसने आजीचा जुना ड्रेस घातला होता तो खर्च वाचवायला का?

नाही हो. कोविडमुळे मे महिन्यातलं ठरलेलं लग्न रद्द झालं आणि जुलैमध्ये विंडसरच्या रॉयल लॉजमधल्या छोट्या चॅपलमध्ये मोजक्या माणसांत उरकलं. ड्रेस राणीचा, नॉर्मन हार्टनेलने शिवलेला, थोडा बदलून आणि बाह्या लावून. डोक्यावरचा टियारा म्हणजे छोटा मुकुट तोच जो राणीने 1947 मध्ये स्वतःच्या लग्नात घातला होता, आणि 1947 च्या त्या सकाळी तो चक्क तुटला, सोनाराला धावत-पळत दुरुस्त करायला लागला. बरं, 94 वर्षांच्या आजीला गर्दीत नेणं तेव्हा धोक्याचंच होतं, त्यामुळे दोघं म्हातारे आले आणि फोटोत सगळ्यांपासून लांब दाराशी उभे राहिले. माझ्या मते त्या घराण्यातला सगळ्यात छान लग्नाचा फोटो तो.

प्रश्न : खर्च कोण करतं?

समारंभाचा घराणं, पोलीस बंदोबस्ताचा सरकार. आणि बंदोबस्तच जास्त महाग असतो, भांडण त्यावरूनच.

प्रश्न : मला राग येतो. म्हाताऱ्या, आजारी माणसाचा हात झूम करून बघायचा, ही काय रीत झाली?

झूम करणं वाईटच, तुमचा राग बरोबर आहे. पण नुसतं गप्प राहूनही भागत नाही. 2024 च्या सुरुवातीला विल्यमची बायको केट ऑपरेशननंतर दिसेना तर लोकांनी काय काय अफवा उठवल्या, शेवटी तिला व्हिडिओ काढून कॅन्सरचं सांगावं लागलं. त्याच जानेवारीत चार्ल्सनी प्रोस्टेट वाढल्याचं सरळ सांगून टाकलं होतं, तर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या वेबसाइटवर त्या दुखण्याचं पान बघणारे एकदम कितीतरी पटीने वाढले. पुरुष मंडळी हा विषय सहसा काढत नाहीत, राजाला झालंय म्हटल्यावर निदान वाचलं तरी. पुढे कॅन्सर असल्याचंही सांगितलं, कसला ते सांगितलं नाही, आणि तेवढं झाकून ठेवायचा हक्क त्यांना आहे असं मला वाटतं. सगळं दाखवा असं कोणी म्हणत नाहीये, निदान खोटं नको.

प्रश्न : शंभरी गाठली की राजाचं कार्ड येतं हे खरं का? आणि राजघराण्यातल्याच माणसाला?

खरंय, 1917 पासून चालू आहे, तेव्हा तार जायची आता कार्ड जातं. शंभरीला, मग 105 ला आणि पुढे दरवर्षी. राणीच्या आईची 2000 मध्ये शंभरी झाली तेव्हा त्यांनाही गेलं, फक्त सही राणी म्हणून नव्हती, घरातल्या लाडक्या नावाने होती, लिलिबेट. फिलिप 99 व्या वर्षी गेले, कार्ड दोन महिन्यांनी हुकलं. लग्नाला 60 वर्षं झालेल्या जोडप्यांनाही मिळतं, पण ते आपोआप येत नाही, घरच्यांनी अर्ज करावा लागतो.