वाचकांचे प्रश्न : नळीत राहिलेला गर्भ आधी कसा ओळखावा?

प्रश्न : माझ्या धाकट्या जावेची गर्भनलिका फुटली. तातडीने ऑपरेशन झालं, रक्त चढवावं लागलं. पाळी पंधरा दिवस पुढे गेली होती, पण तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. दिवस गेले असतील असं कुणाच्या मनातही आलं नाही. आदल्या रात्री खांदा दुखतो म्हणाली, तेव्हा आम्ही बाम चोळला. हे आधी कळलं असतं का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : पुष्कळदा कळतं. बाम चोळल्याचा दोष मात्र स्वतःकडे घेऊ नका. खांद्याची कळ पोटातून येते हे कुणी सांगितल्याशिवाय सुचत नाही. नळीतून झालेला रक्तस्राव पोटात साठतो आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला लागतो. श्वासपटल आणि खांदा यांच्या नसा मानेत एकाच ठिकाणाहून निघतात, म्हणून दुखणं खांद्याच्या टोकाला जाणवतं. हात हलवून त्यात फारसा फरक पडत नाही. आडवं झालं की बहुधा वाढतं. जोडीला चक्कर, घाम, पांढराफटक चेहरा, शौचाला लागल्यासारखा दाब यांतलं काही असेल तर सकाळची वाट बघू नका. १०८ला फोन करा. इंदूरचं एमवाय रुग्णालय असो की जवळचं दुसरं, रात्री ऑपरेशन आणि रक्ताची सोय असेल तिथेच न्या. वाटेत चहा-पाणीही देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. शेवटच्या पाळीची तारीख आणि नसबंदी झाल्याचं आपणहून सांगा.

नसबंदी क्वचितच फसते. पण फसली, तर गर्भ नळीत अडकण्याचा धोका एरवीपेक्षा बराच जास्त असतो. बंद केलेल्या नळीत कधी बारीक वाट तयार होते. शुक्रजंतू तिच्यातून जातो, फलित बीज मोठं असल्याने अडकतं. तांबी बसवलेली असताना दिवस गेले तरी हीच शंका आधी घ्यायची. म्हणून पाळी आठवडाभर लांबली की घरी गर्भधारणेची कार्ड टेस्ट कराच.

नळी फुटण्याआधीच्या खुणा बहुतेक वेळा सहाव्या ते आठव्या आठवड्यात दिसतात : ओटीपोटात, बरेचदा एकाच बाजूला, दुखणं आणि थोडा काळपट-तपकिरी स्राव. हा स्राव उशिरा आलेली पाळी समजला जातो आणि दुखणं गॅसवर ढकललं जातं. बाहेर थेंबभरच दिसतं म्हणून आतही तेवढंच असेल, असं धरू नका.

प्रश्न : मैत्रिणीची टेस्ट पॉझिटिव्ह आहे, पण सोनोग्राफीत काहीच दिसलं नाही. मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या तर चालतील का?
– लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : अजिबात नाही. गर्भ नळीत असू शकतो, आणि त्या गोळ्यांनी नळीतला गर्भ जात नाही. रक्तस्राव मात्र होतो, आणि काम झालं असं वाटून दिवस वाया जातात. पाचव्या आठवड्याआधी सोनोग्राफीत गर्भपिशवी न दिसणं स्वाभाविक आहे. बीटा एचसीजी (गर्भधारणेत वाढणारं संप्रेरक) ही रक्ततपासणी करून ४८ तासांनी पुन्हा करावी. निरोगी गर्भात सुरुवातीला हा आकडा तेवढ्या वेळात साधारण निम्म्याने तरी वाढतो. कमी वाढला तर शंका बळावते. पण नीट वाढला तरी योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयातच दिसेपर्यंत निर्धास्त होऊ नये. लवकर सापडलं आणि नळी शाबूत असली, तर काही जणींना गर्भाची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवर भागतं. त्यानंतर चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्ततपासणी चुकवायची नाही, आणि डॉक्टर सांगेपर्यंत फॉलिक अ‍ॅसिड बंद ठेवायचं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल त्याच वेळी विचारा.