पाठवलेला पैसा कोणाच्या नावावर आहे?

जुलै-ऑगस्टमध्ये आखाती शाळांना सुट्ट्या लागल्या की जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे शिक्षक गावी येतात आणि परतीच्या तिकिटाला चार दिवस उरले की त्यांना पैशाचे कागद आठवतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणून या वेळी निवडक पत्रांना इथेच उत्तरे देतो. पत्र लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : यंदा नोव्हेंबरमध्ये दुबईला शाळेत रुजू होतोय. तिथे पगारावर कर नाही. मग भारतात भरावा लागतो का? (धुळे)

तुम्ही ‘अनिवासी’ ठरलात, म्हणजे एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिलात, तर तिथे कमावलेल्या पगारावर इथे कर नाही. पण पहिल्या वर्षी तुम्ही अनिवासी ठरणारच नाही. एप्रिल ते ऑक्टोबर इथे काढले म्हणजे 182 दिवस कधीच ओलांडले. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्चचा दुबईचा पगारही या वर्षीच्या विवरणपत्रात येतो. पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाचे बोर्डिंग पास जपून ठेवा, आणि विवरणपत्र भरण्याआधी सीएला दाखवा. ‘गल्फला गेलं की कर संपला’ हे मित्र सांगतात. नोटीस आली की तेच मित्र फोन उचलत नाहीत.

प्रश्न : गावच्या बँकेतले जुने बचत खाते तसेच चालू ठेवले तर चालेल का? (कुवेत, मूळ गाव चोपडा)

नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासीचे इथल्या उत्पन्नाचे खाते, करून घ्या आणि तिकडच्या पगारासाठी वेगळे अनिवासी खाते, एनआरई, उघडा. एनआरईचे व्याज करमुक्त असते आणि पैसा हवा तेव्हा परत बाहेर नेता येतो. एनआरओच्या व्याजावर 30 टक्के आणि वर उपकर असा कर बँक आधीच कापते. ‘पुढच्या सुट्टीत बघू’ हे उत्तर मला नको आहे.

प्रश्न : मस्कतला शिकवते. पगार 350 रियाल. खोली वाटून घेते त्याचे 90, जेवणखाण 60, बस-टॅक्सी 25, फोन 10. व्हिडिओत सांगतात की अर्धा पगार गरजा, तीस टक्के हौस, वीस टक्के बचत. मला जमतच नाही. मी उधळी आहे का? (मूळ गाव शहादा)

उधळ्या अजिबात नाही आहात. 185 रियालांत महिना काढणाऱ्या बाईला हौसेचे धडे द्यायची गरज नाही. तो हिशेब ज्याच्या अंगावर आईवडिलांचा खर्च नाही आणि ज्याची नोकरी करारावर नाही त्याच्यासाठी आहे.

तुमची गफलत वेगळी आहे. तुम्ही फक्त दर महिन्याचा खर्च मांडलाय. वर्षातून एकदाच येणारे कुठे आहेत? सुट्टीचे तिकीट शाळा देते की तुम्ही? आणि मुख्य म्हणजे जुलै-ऑगस्टचा पगार मिळतो का? काही शाळा नव्या शिक्षकांना पहिल्या वर्षी सुट्टीचा पगार देत नाहीत. कराराची प्रत काढा आणि ते कलम शोधा. मग असे सगळे खर्च एकत्र करून त्याला बाराने भागा आणि तो आकडा दर महिन्याला पगार झाल्या दिवशीच बाजूला टाका. तीन महिन्यांचा खर्च आणि गावी परतायचे एक तिकीट एवढी रक्कम मस्कतच्याच खात्यात राहू द्या. नोकरी गेली तर त्या आठवड्यात भारतातून पैसे मागवायची वेळ येऊ नये. त्यानंतर जे उरेल ती तुमची बचत, मग ती टक्क्यांत कितीही बसो.

प्रश्न : रुपया आणखी पडेल असे सगळे म्हणतात. दिरहम तिथेच साठवून थांबू का? एक ओळखीचा माणूस जास्त भाव देऊन जळगावात घरपोच रोख देतो. (अबुधाबी)

थांबू नका. कापूस घरात भरून भावाची वाट बघणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यांचे काय होते ते तुम्हाला माहीत आहे. दिरहम डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, त्यामुळे तुम्ही प्रत्यक्षात डॉलर-रुपयावर सट्टा लावताय. दर महिन्याला ठरल्या तारखेला पाठवा.

त्या घरपोचवाल्याचे नाव हवाला. परकीय चलनाच्या फेमा कायद्यात रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड आहे. शिवाय रोखीने आलेला रुपया एनआरई खात्यात भरताच येत नाही, म्हणजे कष्टाचा पांढरा पैसा तुम्हीच बेहिशेबी करून ठेवणार. या विषयावर पुन्हा पत्र पाठवू नये.

प्रश्न : शारजात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत सहा वर्षे झाली. पगार 4,800 दिरहम. त्यातले 3,000 दर महिन्याला मोठ्या भावाच्या खात्यावर टाकते. त्यातून आईचे औषधपाणी होते, उरलेले दादा गावच्या पतसंस्थेत ठेवतो, तिथे बँकेपेक्षा जास्त व्याज आहे. आता अमळनेरजवळ दोन एकर जमीन माझ्यासाठी घ्यायची म्हणतो. या बचतीवर आणि जमिनीवर मला कर किती पडेल?

ताई, कराचे नंतर बघू. आधी बेरीज करा. सहा वर्षांचे 72 महिने, म्हणजे 2,16,000 दिरहम. दिरहमला बावीस रुपये धरले तरी साडेसत्तेचाळीस लाख होतात. यातले तुमच्या नावावर किती आहेत? तुमच्या दोन पानी पत्रात तो आकडा कुठेच नाही. तुम्ही ज्याला बचत म्हणता ती कायद्याच्या भाषेत भावाला दिलेली भेट आहे. भाऊ नातेवाईक असल्याने त्यावर त्याला कर नाही, तुम्हालाही नाही. पण पैसा आता त्याचा आहे.

दादाच्या नियतीवर मला शंका नाही. ‘मी शे ना, तू काय काळजी करस?’ असे म्हणणारे भाऊ आपल्याकडे घरोघर आहेत आणि बहुतेक मनापासून म्हणतात. पण उद्या दादाला काही झाले तर ठेव त्याच्या वारसांकडे जाते. तुम्ही शारजातून कोणता कागद दाखवणार? पैसे पाठवल्याच्या पावत्या? पावत्यांवरून पैसे पाठवले एवढेच सिद्ध होते, कशासाठी पाठवले ते नाही.

आता पतसंस्था. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. जादा व्याज मिळते ते याच जोखमीचे. जळगाव जिल्ह्यात राहून हे मला सांगावे लागते याचे नवल वाटते. ठेवीची पावती हातात धरून वर्षानुवर्षे खेटे घालणारी म्हातारी माणसे आपण सगळ्यांनी बघितली आहेत. त्यांतल्या कित्येकांचा पैसा लेकाने किंवा लेकीने बाहेरून पाठवलेला होता. तरी नवी पाटी लागली आणि अर्धा टक्का वाढवून दिला की रांग पुन्हा तयार.

आणि जमीन. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, भारतीय पासपोर्ट असला तरी. वडिलोपार्जित हिस्सा येत असेल तर तो घेता येतो, ठेवता येतो. ‘तुमच्यासाठी’ म्हणून दादाच्या नावावर घेतली तर सातबाऱ्यावर दादा, पैसा तुमचा, आणि प्रकरण बेनामी व्यवहाराच्या कायद्यात अडकू शकते. घ्यायचीच असेल तर सदनिका किंवा रीतसर बिगरशेती झालेला भूखंड घ्या, स्वतःच्या नावावर, एनआरई खात्यातून पैसे देऊन. बिगरशेतीचा आदेश स्वतः वाचा. ‘एनए होणार आहे’ या शब्दांवर एक रुपयाही देऊ नका. दलाल हे वाक्य दहा-दहा वर्षे म्हणतात.

पुढच्या पगारापासून असे करा. आईच्या खर्चाचा आकडा आईशी बोलून ठरवा आणि तो आईच्याच खात्यावर टाका. बाकीचे तुमच्या एनआरईमध्ये, वारसाचे नाव नोंदवून. सुट्टीत आलात की दादाजवळच्या सगळ्या पावत्या टेबलावर मांडा. प्रत्येकीवर नाव कोणाचे, वारस कोण, मुदत कधी संपते, हे तीन रकाने वहीत लिहून काढा. मुदत संपेल तशी एकेक ठेव मोडून पैसा बँकेत आणा. भांडण नको. सीएने सांगितले म्हणा, माझ्यावर ढकला. कुणी सरसकट मुखत्यारपत्र मागितले तर सही करू नका, एका कामापुरते द्या. आणि जमिनीचा इसार दिला असेल तर या आठवड्यातच वकिलाला गाठा.

प्रश्न : मुलीच्या नावे सुकन्या आणि माझे पीपीएफ, दोन्ही आता उघडता येतील का? (दोहा)

दोन्ही नाही. अनिवासी होण्याआधी उघडलेले पीपीएफ असेल तर ते मुदत संपेपर्यंत चालवता येते, पुढे वाढवून मिळत नाही.

प्रश्न : यूएईत पाच वर्षे पूर्ण होतील. पगार 5,000 आहे, मग ग्रॅच्युइटी किती धरून चालू?

5,000 वर धरू नका. ती मूळ पगारावर मिळते, भत्त्यांवर नाही. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार. करारात मूळ पगार 2,400 असेल तर दिवसाचे 80, वर्षाचे 1,680 आणि पाच वर्षांचे 8,400 दिरहम. शाळा मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त का दाखवतात ते आता कळले असेल. तुमचा आकडा कराराशी ताडून बघा.

प्रश्न : सुट्टीत आलो की विमा एजंट ‘एनआरआय स्पेशल हमी परतावा’ योजना घेऊन घरी येतो. घ्यावी का? (भुसावळ)

विमा हवा असेल तर साधा मुदतीचा घ्या. ‘स्पेशल’ त्यातले कमिशन असते. तुमचा करार दोन वर्षांचा आणि हप्ता बारा वर्षांचा, हे गणित एजंट चहा पिताना मांडत नाही. मागच्या महिन्यात सही केलीच असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. तारीख बघा आणि सल्लागाराकडे जा, एजंटाकडे नव्हे.

प्रश्न : बीएड झालो. एक जण ‘स्कूल व्हिसा’साठी दोन लाख मागतो. आधी भेटीच्या व्हिसावर जा, तिथे बदलून मिळेल म्हणतो. कर्ज काढू का? (नंदुरबार)

नाही. नोंदणीकृत भरती एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक विचारा आणि सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. भेटीच्या व्हिसावर नोकरी करणे तिथे गुन्हा आहे. पैसे आधीच दिले असतील तर पावती, बँकेची नोंद आणि मोबाइलवरचे संदेश घेऊन वकिलाकडे आणि पोलीस ठाण्यात जा. उरलेल्या हप्त्यासाठी तो फोन करेल, तेव्हा नोंदणी क्रमांक लेखी पाठव म्हणा.