खारफुटीत मुलांना नेताय? आधी ओहोटी बघा

बोट ठरवण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. ती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून मागच्या आठवड्यात कुणी सांगितलेली वेळ तुमच्या उपयोगाची नाही. सकाळी ओहोटी लागलेली असताना निघा. चिखल उघडा पडतो आणि खरी गंमत तिथेच असते. अगदी तळाला गेलेली ओहोटी मात्र नको, अरुंद फाट्यांत बोट शिरत नाही.

मुलं मगर-मगर करतील. करू द्या, पण आधी नजर चिखलाकडे वळवा. एक नांगी अवाढव्य असलेला छोटा खेकडा म्हणजे नर. ती हलवून तो मादीला बोलावतो. शेजारीच निवट्या पुढच्या परांवर सरपटताना दिसतील. पाण्याबाहेर फिरणारा मासा बघितल्यावर मगरीची आठवणही राहत नाही, बघाच!

दुर्बीण 8 पटीची घ्या. जास्त पटीची डुलत्या बोटीत नुसती थरथरते. नावाड्याला मध्ये मध्ये इंजिन बंद करायला सांगा, खंड्या आधी ऐकू येतो. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे ना, हे बोटीत चढण्याआधीच तपासा. मोठ्यांचं आवळून चालत नाही. हात बोटीच्या आत. आणि निघण्याआधी सगळ्यांची शू उरकून घ्या.