स्मिथसन नुसता पैसेवाला होता का?

प्रश्न: मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो तेव्हा वॉशिंग्टनला स्मिथसोनियनची म्युझियम्स बघितली. जावई म्हणाले, हा स्मिथसन श्रीमंत इंग्रज, अमेरिकेत कधी पाऊलही न ठेवता सगळी इस्टेट देऊन गेला. तो केमिस्ट होता असंही म्हणतात. खरंच होता, की पैसे दिले म्हणून मोठेपणा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: खरंच होता, आणि त्याचा धागा तुमच्या घरातल्या सितोपलादीच्या डबीपर्यंत येतो. त्यात वंशलोचन असतं (अस्सल असेल तर!), बांबूच्या पेरात साठणारे पांढरट खडे, ते आपल्याकडून लंडनला गेले आणि या जेम्सने, तेव्हा तो आईचं मेसी आडनाव लावायचा, ते तापवून बघितले, आम्लात टाकून बघितले, सोड्याबरोबर वितळवले तर काच झाली. म्हणजे झाडाच्या पोटात चक्क सिलिका, वाळूत असतो तोच पदार्थ! हा त्याचा १७९१चा पहिला पेपर.

पण खरं काम जस्ताच्या खनिजांवरचं. तेव्हा खाणीतल्या बऱ्याच वेगवेगळ्या दगडांना सरसकट कॅलामाइन म्हणायचे. १८०२ मध्ये याने दाखवून दिलं की ही एकच वस्तू नाही, काही कार्बोनेट आहेत तर काही सिलिकावाले. त्याच पेपरात घटकांची वजनं साध्या अपूर्णांकात बसतात असंही म्हणून ठेवलंय, अणुसिद्धांतवाल्या डाल्टनचं पुस्तक यायच्या सहा वर्षं आधी. कल्पना जशीच्या तशी टिकली नाही, त्यामुळे त्याला डाल्टनच्या पंगतीला बसवायला मी तयार नाही, पण नुसता हौशी म्हणणं हा अन्याय आहे.

हात मात्र फार बारीक कामाचा. एका बाईच्या गालावरून ओघळणारं अश्रू याने काचेच्या भांड्यात धरायला घेतलं, अर्धं सांडलं, उरलेल्या अर्ध्या थेंबातून मीठ आणि आणखी काही क्षार शोधून काढले म्हणे!

मग लोक त्याचं हे काम का विसरले? एक तर १८२९ ला गेल्यावर पाच लाख डॉलरच्या वर रकमेचीच चर्चा जास्त झाली. आणि दुसरं म्हणजे त्याच्या वह्या आणि खनिजांचा संग्रह १८६५ साली त्याच्याच नावाच्या संस्थेला आग लागली त्यात जळून गेला. उरले ते छापलेले २७ लेख, ते कोण उघडून बघतंय.

पुढच्या वेळी गेलात तर तिथल्या खनिजांच्या दालनात स्मिथसोनाइट शोधा, कधी हिरवट-निळं, कधी गुलाबी असतं. तेच ते जस्ताचं कार्बोनेट, आणि हे नाव त्याला १८३२ साली मिळालं, म्हणजे ती संस्था उभी राहायच्या १४ वर्षं आधी, एवढं जावयांना आवर्जून सांगा.