आधी वेळ टाक

पोरी,

हुद्द्याने तू उपनिरीक्षक, मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. पण पोलीस लाईनीत तुला कडेवर खेळवलंय, म्हणून 'तू'च म्हणतो.

रविवारी तलावपाळीच्या कट्ट्यावर तुझा चहा तसाच गार झाला. सोनसाखळी चोरीच्या तपासात डीबीवाल्यांनी, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाने, उड्डाणपुलाखालून रात्री तीन पारधी पोरं उचलून आणली, साहेब म्हणाले "नोंद सकाळी बघू", आणि सकाळी पोरं सोडून दिली. "काका, कोणी हात लावला नाही त्यांना," असं तू तीनदा म्हणालीस. मी विचारलंही नव्हतं.

माणूस उंबऱ्याच्या आत आला की आधी स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, वेळ टाकायची. बाकी सगळं नंतर.

चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचं, हे राज्यघटनेचं 22 वं कलम तू परीक्षेत लिहून आलीस. पण ते चोवीस तास मोजायचे कुठून? नोंदच नसली तर घड्याळ सुरूच होत नाही. तो माणूस त्या रात्री घरीही नसतो आणि ठाण्यातही नसतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. 1996 चा पावसाळा. मी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर, रात्रपाळीला. असाच एक पारधी पोरगा आत आणलेला, सोळा-सतराचा. पहाटे त्याची आई आली, भिजलेली. पदराखालून एक चप्पल काढून तिने टेबलावर ठेवली. पोरगा पळता पळता सापडला तेव्हा ती मागे राहिली होती. "याच्या जोडीची हितं हाय का, साहेब?" दुसरी चप्पल मला बसल्या जागेवरून दिसत होती, आतल्या बाकाखाली. डायरी पुढ्यात उघडी, पेनचं टोपण काढलेलं. मी म्हणालो, "असा कोणी इथे नाही."

तिसऱ्या दिवशी त्याला सोडलं. तळपाय इतके सुजलेले की चप्पल पायात जाईना. तो आमच्याकडे होता असा एकही कागद नव्हता. तक्रार कशाच्या जोरावर करणार?

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसू निकाल आला: अटकेचा पंचनामा करा, नातेवाइकांना कळवा, कोणाला कळवलं ते डायरीत लिहा. तोवर आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, असं म्हणायची मला सोय आहे. घरात दोन लहान पोरं होती, क्वार्टर सरकारी होतं, आणि साहेबापुढे हवालदाराचं चालतं किती? हे सगळं खरं आहे. पण डायरी तेव्हाही होती गं.

आता तीच पोरं का आणली, ते बघ. तुझ्या हद्दीत मोटारसायकलवर भरधाव फिरणारी सोसायट्यांतली पोरं कमी आहेत का? त्यांना कोणी झोपेतून उचलत नाही. इंग्रजांनी 1871 मध्ये अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांना पोलिसांपुढे हजेरी सक्तीची केली. तो कायदा 1952 मध्ये गेला, त्या जमाती 'विमुक्त' झाल्या, पण शिक्का आपल्या बोलण्यातून गेला नाही. खारघरला आफ्रिकी विद्यार्थी दिसला की "ड्रग्ज" हा शब्द जसा आपोआप येतो, तसंच हे. 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलंय की विमुक्त जमातीच्या माणसांना मनमानी अटक होता कामा नये. आणि नोंदीत 'का आणलं' हा रकाना भरायला बसलीस की बघ, 'पारधी आहे' असं तिथे लिहिता येत नाही. पुरावा लिहावा लागतो. नसेल तर हात थांबतो. म्हणून म्हणतो, नोंद कर.

"ठाण्यात कॅमेरे आहेत की," म्हणालीस. आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालाप्रमाणे चित्रण अठरा महिने जपायचं, निदान वर्षभर तरी. पण कॅमेरा बंद पडतो, आणि त्याची सही नसते. तुझी असते.

आणि ते ट्रॅफिकला बदली मागायचं खूळ काढून टाक! तू गेलीस की त्या खुर्चीत 'सकाळी बघू' म्हणणाराच बसेल. मी शहाण्णवनंतर एकही माणूस बिननोंदीचा आत बसू दिला नाही. मुख्यालयात बंदोबस्ताला टाकलं, चार वर्षं. तुझ्या काकूने काय सोसलं ते तिलाच विचार. तरी मी बरोबर होतो, हे आजही म्हणतो.

त्या तिघांची नोंद अजून करता येते. किती वाजता आणलं, कोणी आणलं, कोणाच्या सांगण्यावरून नोंद राहिली, किती वाजता सोडलं. तारीख मागची टाकू नकोस, आजचीच टाक, आणि उशीर का झाला तेही लिही. साहेब चिडतील. नोंदीचा क्रमांक स्वतःच्या वहीत उतरवून ठेव, आणि पोरांची नावं पूर्ण लिही, आईच्या नावासकट.

तुझा,
काका